सकाळच्या पहिल्या स्टार्टला थरथरणारं इंजिन: आधी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तपासा

विमान सेस्ना १७२एम, १९७४ चं. इंजिन लायकोमिंग ओ-३२०-ई२डी, चार सिलिंडर, १५० हॉर्सपॉवर, ओव्हरहॉल होऊन साधारण १४०० तास झालेले. ठिकाण अमेरिकेतलं ओहायो. मालक आम्ही दोघं: मी आणि मूळचे सांगलीचे माझे एक मित्र. वयाने मोठे आहेत, मी त्यांना दादा म्हणतो.

तक्रार अशी होती. विमान दोन-तीन आठवडे हँगरमध्ये उभं राहिलं आणि मग सकाळी थंड इंजिन सुरू केलं, की पहिलं मिनिटभर ते इतकं थरथरायचं की समोरच्या पॅनेलवरचे काटे नीट वाचता यायचे नाहीत. चाल सरळ लंगडी, एक सिलिंडर कामच करत नसल्यासारखी. मग मध्येच एखादा ठोका लागायचा, अजून दोन लागायचे, आणि एकदम सगळं सुरळीत. त्यानंतर रनअपला (टेकऑफआधीच्या इंजिनचाचणीत) मॅग्नेटोचा ड्रॉप नियमात (मॅग्नेटो म्हणजे प्लगना वीज देणारं यंत्र; दोनपैकी एक बंद केला की आरपीएम किती घटतो तो ड्रॉप), टेकऑफला पूर्ण आरपीएम, दोन तास उडलं तरी कुरकुर नाही. आणि पुढच्या खेपेला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

दादा म्हणाले, "अरे, थंडीत माझ्या वडिलांची राजदूतही अशीच खोकायची. तापली की सुटायची." तेव्हा मलाही ते पटलं होतं. पण राजदूत वाटेत बंद पडली तर ढकलत घरी आणता येते. आमच्या विमानात जे होत होतं, ते एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळलेला वायू बाहेर सोडणारी झडप) आपल्या गाइडमध्ये (झडपेचा दांडा ज्यातून सरकतो त्या नळीत) अडकत असल्याचं लक्षण होतं. इकडचे मालक आणि मेकॅनिक त्याला 'मॉर्निंग सिकनेस' म्हणतात. आज जमिनीवर मिनिटभर अडकणारा व्हॉल्व्ह उद्या हवेत अडकू शकतो. तुमच्या विमानाची तक्रार अशीच असेल, तर कारण सापडेपर्यंत ते उडवू नका. "तापल्यावर जातं ना" हे उडवण्याचं कारण होऊ शकत नाही.

आमचे पाच महिने कुठे गेले

संशय आधी स्पार्क प्लगवर गेला, आणि तो अगदीच निराधार नव्हता. हे इंजिन बनलं तेव्हा ते ८०/८७ ग्रेडच्या लाल पेट्रोलसाठी होतं. त्यात गॅलनमागे जास्तीत जास्त अर्धा ग्रॅम शिसं असायचं. ते पेट्रोल आता मिळत नाही. विमानतळावर मिळतं ते निळं १००एलएल, ज्याच्या नावात 'लो लेड' असूनही गॅलनमागे २ ग्रॅमच्या थोडं वरपर्यंत शिसं असू शकतं. म्हणजे इंजिनाला ठरवून दिलेल्याच्या चौपट. खालच्या प्लगमध्ये त्याचे राखाडी मणी साचतात आणि ठिणगी पडत नाही. जुनी लायकोमिंग बाळगणाऱ्या प्रत्येकाने हे मणी टोकदार सुईने कोरून काढलेले असतात.

आम्हीही काढले. अमेरिकेत पायलट असलेल्या मालकाला प्लग काढणं, साफ करणं, गॅप लावणं, ऑइल बदलणं ही कामं स्वतः करून लॉगबुकात नोंद करता येते. फेडरल नियमांच्या भाग ४३ च्या परिशिष्ट ए मध्ये त्यांची यादीच दिली आहे. प्लग साफ केले, त्रास गेला. तीन आठवड्यांनी परत आला. मग एका वर्कशॉपने आठही प्लग नवीन घातले. त्रास गेला, महिन्याने परत आला. मग मॅग्नेटो उघडून तपासले, वायरिंगचं हार्नेस बदललं. पुन्हा तेच. पैसे गेलेच, पण त्याहून वाईट म्हणजे दरवेळी "आता झालं" असं समजून आम्ही त्या विमानातून घरच्या माणसांना घेऊन उडत होतो. दुखणं म्हशीला आणि डाग पखालीला, असा हा पाच महिन्यांचा प्रकार.

दर दुरुस्तीनंतर त्रास का जायचा, हे फार उशिरा लक्षात आलं. कारणं दोन. दुरुस्ती झाली की आम्ही उत्साहाने आठवड्यातून दोन-तीनदा उडायचो, आणि सतत वापरात असलेल्या इंजिनाचा व्हॉल्व्ह सहसा अडकत नाही. दुसरं कारण म्हणजे वर्कशॉप धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला आहे. तिथपर्यंत टॅक्सी करत, म्हणजे विमान जमिनीवर चालवत, जायला आठ मिनिटं लागतात. मेकॅनिकच्या हातात इंजिन पडायचं ते तापलेलं, म्हणजे पुरावा वाटेतच पुसून गेलेला. कॉम्प्रेशन टेस्टही गरम इंजिनावर झाली. तीन नंबरच्या सिलिंडरला ८० पैकी ७६ आले, म्हणजे उत्तमच. त्या टेस्टमध्ये बंद स्थितीतला व्हॉल्व्ह किती घट्ट बसतो ते कळतं. उघडलेला व्हॉल्व्ह परत यायला अडखळतो का, हे त्यातून कळतच नाही. कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणून व्हॉल्व्हवरचा संशय सोडू नका.

पहिल्या मिनिटात काय पाहायचं

शेवटी एका वयस्क मेकॅनिकने आमचं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: "थरथरत असताना मॅग्नेटो एकेक करून पाहिलेत का?" आम्ही पाहिले नव्हते. रनअपची वेळ येईपर्यंत इंजिन सुधारलेलं असायचं.

प्लग आणि व्हॉल्व्ह यांतला फरक तिथेच कळतो. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात आणि ते दोन वेगळ्या मॅग्नेटोंवर चालतात. एक प्लग मेला असेल तर दोन्ही मॅग्नेटोंवर इंजिन जवळपास ठीक चालतं आणि किल्ली एका बाजूला फिरवली की लंगडायला लागतं. व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल तर त्या सिलिंडरमध्ये दाबच तयार होत नाही, मग ठिणगी कितीही चांगली असो. तेव्हा डावीकडे, उजवीकडे, दोन्हीवर, थरथर सारखीच.

आणखी दोन गोष्टी आधी निकालात काढा, कारण त्या फुकटात कळतात. एक म्हणजे प्राइमर. १७२ मधला हातपंपाचा प्राइमर आत ढकलून फिरवून लॉक केला नाही, तर इंजिन त्यातून पेट्रोल ओढत राहतं आणि कमी आरपीएमवर अडखळतं. दुसरी म्हणजे इनटेकच्या नळ्यांची गळती. त्यात कमी आरपीएमवर चाल खडबडीत असते, थ्रॉटल वाढवला की सुधारते, आणि इंजिन तापलं म्हणून ती आपोआप बरी होत नाही. या दोन्हींत लंगडणं असं ठरावीक मिनिटभर टिकून जात नाही.

मग त्या मेकॅनिकच्या समोर आम्ही खरी चाचणी केली. विमान रात्रभर त्यांच्या दारातच ठेवलं. सकाळी बाहेर ४० फॅरनहाइट होतं. काउलिंग (इंजिनावरचं आवरण) उतरवलं, चाकांना ठोकळे लावले, ब्रेक दाबून इंजिन सुरू केलं. थरथर आली. ९०० ते १००० आरपीएमवर डावा मॅग्नेटो, उजवा मॅग्नेटो: काहीच फरक नाही. आणि मग, थरथर चालू असतानाच, चाळीसाव्या सेकंदाला मिक्स्चर (हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते ठरवणारा दट्ट्या) ओढून इंजिन बंद केलं. मॅग्नेटो बंद, मास्टर बंद, किल्ली काढून पॅनेलवर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. मेकॅनिकने बाजूने जाऊन इन्फ्रारेड थर्मामीटर चारही एक्झॉस्ट नळ्यांवर धरला. तीन नळ्या २०० ते २५० फॅरनहाइटच्या मध्ये. तीन नंबरची, म्हणजे उजवीकडची मागची, ८५.

पाच महिन्यांचं उत्तर त्या एका आकड्यात होतं. विमानात प्रत्येक सिलिंडरचं तापमान नोंदवणारा इंजिन मॉनिटर असेल तर एवढंही करावं लागत नाही. पहिल्या मिनिटाचा आलेख उघडा, चारपैकी कोणती रेघ उशिरा चढते ते पाहा. आमच्याकडे तेव्हा मॉनिटर नव्हता, आता आहे. प्लग आणि हार्नेसवर जे घालवलं त्यात तो तेव्हाच आला असता.

ही चाचणी एकट्याने करू नका. थंड असो वा गरम, बंद इंजिनाचा पंखाही चालू असल्यासारखाच समजा. मॅग्नेटोची ग्राउंडिंगची तार तुटलेली असेल तर किल्ली काढल्यावरही पंख्याच्या एका हलक्या झटक्याने इंजिन ठोका देऊ शकतं.

तिथे अडकतं तरी काय

लायकोमिंगच्या या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा दांडा पोकळ असतो आणि आत सोडियम भरलेलं असतं. इंजिन तापलं की ते वितळतं, दांड्यात खालीवर हिंदकळतं आणि व्हॉल्व्हच्या डोक्याची उष्णता दांड्याकडे, तिथून गाइडकडे पोचवतं. डोकं त्यामुळे जळत नाही, पण गाइड फार तापतो. त्याच गाइडमध्ये दांड्याला वंगण म्हणून थोडं ऑइल उतरत असतं. ते तिथे जळतं आणि थर धरतं. रोज तळण होणाऱ्या कढईला बाहेरून जो काळा, टणक थर चढतो, तसाच. त्यात ज्वलनातून आलेल्या शिशाच्या क्षारांची भर पडते. दांडा आणि गाइड यांच्यातली मोकळी जागा इंचाच्या काही हजारांश भागांची. थर वाढत गेला की ती भरते.

मग गरम असताना का चालतं? सिलिंडरचं डोकं ॲल्युमिनियमचं असतं. थंडीत ते आकसतं आणि गाइडला आवळतं. तापलं की पसरतं, भोक किंचित मोठं होतं आणि दांडा सुटतो. म्हणून त्रास सकाळचा, पहिल्या मिनिटाचा.

हवेत अडकला तर काय होतं, तेही सांगतो. उघडा अडकला तर तो सिलिंडर गेला, आणि चार सिलिंडरच्या इंजिनात एक जाणं म्हणजे फक्त पाव शक्ती जाणं नव्हे. तीन पायांवरची ती थरथर फार भयंकर असते. बंद अडकला तर खालून कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता उंचवटा) पुशरॉडला (तो रेटा वर नेणाऱ्या काडीला) रेटतच राहतो, व्हॉल्व्ह हलत नाही, मग पुशरॉड वाकतो. वाकलेला पुशरॉड त्याच्याभोवतीची नळी फाडतो आणि तिथून ऑइल बाहेर जायला लागतं.

दोरीने केलेली दुरुस्ती

सिलिंडर काढावा लागेल या धास्तीने बरेच मालक हे काम पुढे ढकलतात. बहुतेक वेळा काढावा लागत नाही. लायकोमिंगच्या सर्व्हिस इन्स्ट्रक्शन १४२५ मध्ये सिलिंडर जागेवर ठेवून गाइड साफ करण्याची रीत दिली आहे. हे काम मालकाने स्वतः करायचं नाही, ते परवानाधारक ए अँड पी (विमानाचा सांगाडा आणि इंजिन यांच्या) मेकॅनिकचं आहे. आम्ही दोघांनी हाताखाली मदत केली आणि ते पाहताना मला माझं इंजिन पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

वरचा प्लग काढून त्या भोकातून जाड नायलॉनची स्वच्छ दोरी सिलिंडरमध्ये सोडतात. तिचं एक टोक बाहेर ठेवायचं. मग पंखा हाताने हळू फिरवून पिस्टन वर आणला, की दोरीचा गोळा व्हॉल्व्हना खालून आधार देतो. रॉकरचं (पुशरॉडचा रेटा व्हॉल्व्हवर देणाऱ्या तरफेचं) झाकण, रॉकर आणि पुशरॉड काढतात. स्प्रिंग दाबून तिचे दोन छोटे कीपर काढले की स्प्रिंग सुटते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या टोकावर रोटेटर कॅप म्हणून एक छोटी टोपी असते. ती ऑइलमुळे झाकणाला किंवा रॉकरला चिकटून निघते आणि परत बसवायची राहून जाते. ती वेगळ्या वाटीत ठेवा आणि जोडणी करताना मोजा.

मग पिस्टन खाली घेऊन दोरी काढतात आणि व्हॉल्व्ह गाइडमधून आत सिलिंडरमध्ये ढकलतात. आमच्या मेकॅनिकने ढकलण्यापूर्वी टोकाला दातांचा मेणाचा दोरा बांधला होता, म्हणजे तो नंतर परत ओढून घेता यावा. तीन नंबरचा व्हॉल्व्ह हाताने ढकलला जाईना. हलके ठोके द्यावे लागले, तेव्हा तो सरकला. निरोगी व्हॉल्व्ह बोटाच्या हलक्या दाबाने सरकतो.

त्यानंतर योग्य मापाचा रीमर (भोक आतून खरवडणारं हत्यार), त्याच्या खाचांत ग्रीस भरून, गाइडमधून हाताने फिरवला. ग्रीसमध्ये काळा, चमकदार, काचेसारखा कडक चुरा अडकून आला. पुसला, पुन्हा ग्रीस भरलं, पुन्हा फिरवला. रीमरचं माप गाइडच्या प्रकारावर ठरतं. इथे अंदाज चालत नाही, कारण भोक मोठं झालं तर व्हॉल्व्ह डगमगायला लागतो आणि सिलिंडर काढायची वेळ खरोखरच येते. दांडा प्लगच्या भोकातून दिसेल तेवढा पुसून काढला, आत पडलेला चुरा हवेने उडवला. पुशरॉड सपाट काचेवर लोळवून पाहिला, सरळ होता. तो वाकलेला असता तर अजून बरंच काही उघडावं लागलं असतं. एका दुपारचं काम. हे सगळं पहिल्या महिन्यात करता आलं असतं, हे मनातून जात नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून

आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं ऑइल. कंपनीचा नियम फिल्टर असलेल्या इंजिनाला ५० तास, फक्त जाळी असलेल्याला २५ तास, आणि दोन्हींना चार महिन्यांची मर्यादा. आम्ही ५० तास पाळायचो आणि चार महिने विसरायचो. वर्षाला ६० तास उडणाऱ्या माणसाला तास भरायला दहा महिने लागतात, आणि तोवर त्या ऑइलमध्ये आम्ल, पाणी आणि शिसं फिरत राहतं. आता फिल्टर असूनही आम्ही २५ तासांना किंवा चार महिन्यांना, जे आधी येईल तेव्हा, ऑइल बदलतो.

दुसरं मिक्स्चर. जमिनीवर आम्ही ते पूर्ण रिच (पेट्रोल जास्त) ठेवायचो, उड्डाणशाळेत शिकवलं तसं. आता सुरू केल्यावर लगेच चांगलंच लीन (पेट्रोल कमी) करतो, इतकं की चुकून थ्रॉटल पूर्ण दिला तर इंजिन गुदमरेल आणि टेकऑफआधी मिक्स्चर पुढे करायची आठवण आपोआप होईल. क्रूझला, म्हणजे चढून झाल्यावरच्या सरळ उड्डाणात, ७५ टक्के किंवा त्याहून कमी शक्तीवर कोणत्याही उंचीवर लीन करता येतं, आणि ते करायचंच. टॅक्सी झाल्यावर थेट बंद करत नाही. लायकोमिंग सांगते त्याप्रमाणे १००० ते १२०० आरपीएमवर तापमान स्थिर होऊ देतो, मग १५-२० सेकंद १८००, परत खाली, आणि मिक्स्चर ओढून बंद.

तिसरं म्हणजे थंड हवा. मागच्या सिलिंडरपर्यंत हवा पोचवणारे पत्रे आणि त्यांच्या कडेच्या सिलिकॉनच्या पट्ट्या असतात. आमच्या पट्ट्या वाळून उलट्या वळल्या होत्या आणि हवा तिथूनच निसटत होती. तीन नंबरच का अडकला, याचं कारण मला तरी तेच वाटतं. पट्ट्या बदलल्या. आता चढताना चारही सिलिंडर ४०० फॅरनहाइटच्या खाली राहतात.

आणि हिवाळ्यात नुसतं "चालू करून ठेवणं" आम्ही बंद केलं. हँगरबाहेर दहा मिनिटं फिरवलं तर ऑइल १८० फॅरनहाइटपर्यंत पोचत नाही, पाणी उडत नाही, उलट साचतं. उडायचं असेल तरच सुरू करायचं.

"शिसं नसलेलं पेट्रोल वापरलं की प्रश्नच मिटला" असं कुणी म्हणालं तर घाई करू नका. नॉर्थ डकोटा विद्यापीठाने २०२३ मध्ये आपली प्रशिक्षणाची विमानं बिनशिशाच्या ९४ ऑक्टेन पेट्रोलवर चालवायला घेतली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये थांबवली, कारण लायकोमिंग इंजिनांत एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका (बंद होताना व्हॉल्व्ह ज्यावर टेकतो त्या कड्या) झिजताना दिसल्या. शिसं गाइडमध्ये घाण करतं, हे खरं. बैठक काय म्हणते तेही बघावं लागेल. शिसं जायलाच हवं, विमानतळाभोवती राहणाऱ्या मुलांसाठी तर नक्कीच, पण इंधन बदलणार असाल तर व्हॉल्व्हची तपासणी वाढवा.

दुरुस्तीनंतरचं पहिलं उड्डाण मी एकट्याने केलं. तासभर विमानतळावरच घिरट्या घातल्या, इंजिन गेलं तरी धावपट्टीवर उतरता येईल एवढ्या उंचीवर आणि अंतरावर. उतरल्यावर काउलिंग काढून रॉकरच्या झाकणाची गळती पाहिली, फिल्टर कापून आतला कागद उलगडला. स्वच्छ होता. दादांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला तो गळतीचा नव्हता. "आता सुनेला घेऊन जाऊ ना रे?" मी त्यांना अजून दहा तास थांबायला सांगितलं.

लायकोमिंगचं सर्व्हिस बुलेटिन ३८८ या प्रकारच्या गाइडची तपासणी दर १००० तासांनी, किंवा संशय आला तर त्याआधी, करायला सांगतं. आमची ती राहूनच गेली होती. पुढच्या ॲन्युअलला (वार्षिक तपासणीला) बाकीच्या तीन सिलिंडरची करायची आहे, आणि चार नंबरपासून सुरुवात, कारण तोही मागचाच.